वेदीवरचा वाटा

कनान देशाची भूमी इस्राएलाच्या वंशांत वाटली गेली, तेव्हा लेवीच्या वंशाला इतरांसारखा सलग मुलूख मिळाला नाही. राहण्यापुरती अठ्ठेचाळीस नगरे व त्यांभोवतीची गायराने एवढ्यावर त्याची बोळवण झाली, आणि परमेश्वर हेच तुमचे वतन, असे शास्त्राने त्याला बजावले. परंतु परमेश्वराच्या वतनाचा वसूल अखेर कुणब्याच्याच खळ्यातून यावयाचा होता. शंभर पायल्या धान्य पिकविणाऱ्याने दहा पायल्या लेव्यांना द्याव्यात आणि लेव्यांनी त्या दहांतील एक अहरोनाच्या कुळातील याजकांना पोहोचवावी, असा हा दशमांशाचा हिशेब असे. आपल्याकडील बलुत्याची आठवण तो करून देतो, फरक इतकाच की बलुतेदार गावासमोर राबत असे, तर याजकाची सेवा दूर पवित्रस्थानी चाले.

याखेरीज वेदीवरचा हक्क निराळा. शांत्यर्पणाच्या पशूचे ऊर व उजवी मांडी याजकाची. होमार्पण संपूर्ण जाळावयाचे, तरी त्याचे कातडे अर्पण करणाऱ्या याजकाचे. पापार्पणाचे मांस खावयाचे ते पवित्र अंगणातच. मेंढरांची पहिली लोकर, पहिली फळे, दर शब्बाथाला बदलल्या जाणाऱ्या बारा भाकरी, आणि प्रथम जन्मलेल्या पुत्राच्या सोडवणुकीचे पाच शेकेल चांदी, हीही त्याचीच मिळकत. यरुशलेमेत याजकांच्या चोवीस पाळ्या आठवड्याआठवड्याने सेवेला येत, आणि ज्याची पाळी त्याच्यापुढे इतके मांस येई, व ते मुदतीच्या आत संपवावे लागे, की मिश्ना या ग्रंथात मंदिराच्या अधिकाऱ्यांची यादी देताना पोटाच्या विकारांसाठी नेमलेल्या एका माणसाचाही उल्लेख आला आहे. अनवाणी थंड फरशीवर वावरणे व मांसाहार ही या विकारांची कारणे मागाहूनच्या टीकाकारांनी सांगितली.

रोख मुशाहिऱ्याचा दाखला मात्र शास्ते या ग्रंथात सापडतो, आणि माझ्या मते या सबंध व्यवहारातील तोच सर्वांत बोलका आहे. एफ्राइमाच्या डोंगराळ मुलखातील मीखाने आपल्या घरच्या देवघरासाठी बेथलेहेमाहून आलेल्या एका तरुण लेव्याला वर्षाला दहा शेकेल चांदी, एक पोशाख व अन्न अशा बोलीवर ठेवून घेतले. पुढे दान वंशाच्या सहाशे हत्यारबंद लोकांनी, एका घराचा याजक होण्यापेक्षा एका वंशाचा होणे बरे नव्हे काय, असे विचारताच तो तरुण संतुष्ट झाला आणि धन्याच्या मूर्ती उचलून त्यांच्याबरोबर चालता झाला.

हक्क शास्त्राने ठरवून दिले, तरी वसुली कोणाच्या हाती असावी, याची घडी कधी नीट बसलीच नाही. शिलो येथील पवित्रस्थानी एली याजकाच्या मुलांचा चाकर उकळत्या भांड्यात तीन दातांचा काटा खुपसून वर येईल तेवढे मांस उचली. पुढे तर चरबी वेदीवर जळण्याआधीच कच्च्या मांसाची मागणी, आणि नकार दिल्यास जबरदस्ती. पुढे हा व्यवहार मंदिराच्या कोठारांतून होऊ लागल्यावर कोठाराची किल्ली ज्याच्याकडे त्याचे फावू लागले. इराणी बादशाहीच्या अमदानीत यहूदाचा सुभेदार असलेला नहेम्या काही काळाच्या गैरहजेरीनंतर परत येऊन पाहतो, तो दशमांशाचे धान्य, द्राक्षारस, तेल व धूप ठेवण्याची मोठी खोली एल्याशीब याजकाने आपल्या सोयऱ्याला, तोबीयाला, राहावयास दिलेली, आणि वाटा न मिळाल्याने लेवी व गायक आपापल्या शेतांवर निघून गेलेले. नहेम्याने तोबीयाचे सामानसुमान बाहेर फेकले, खोल्या शुद्ध करविल्या आणि एक याजक, एक लेखक, एक लेवी व त्यांच्या हाताखाली आणखी एक, असे विश्वासू कोठारदार नेमले.

तेवढ्याने दुखणे हटले नाही. रोमन सत्तेच्या काळात, स्वतः याजककुळात जन्मलेला इतिहासकार योसेफस सांगतो त्याप्रमाणे, प्रमुख याजकांचे चाकर खळ्यांवर जाऊन दशमांश बळजबरीने उचलीत, हरकत घेणाऱ्यांना मारीत, आणि त्यावरच गुजराण करणारे गरीब याजक उपासमारीने मरत. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळले, आणि ऊर, मांडी, कातडे हे सारे हक्क वेदीबरोबरच संपले; प्रथमपुत्राच्या सोडवणुकीची चांदीची पाच नाणी मात्र कोहेन, म्हणजे याजक, कुळातील पुरुषाच्या हाती ठेवण्याचा विधी ज्यू घरांत अजून होतो, आणि पुष्कळदा तो ती नाणी बाळाच्या घरच्यांना परत करतो.