घाण्याचा शनिवार आणि कराचीचे तंबू

खानदेशात तेलाचे माहात्म्य सांगावयास कोणी पुराणिक लागत नाही. तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीतला तीळ आणि भुईमूग ज्या मुलखात पिढ्यानुपिढ्या घाण्यावर चढत आला, तेथील माणसाला शनिवार म्हणजे मारुतीला आणि शनीला तेल वाहण्याचा वार, एवढेच ठाऊक असते. त्यामुळे कुलाबा जिल्ह्यातील समुद्रकाठच्या गावांतून नेमक्या शनिवारीच घाणा सोडून स्वस्थ बसणारे तेली होते, व त्या वारावरूनच लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत, हे प्रथम वाचनात आले तेव्हा मला मोठे कौतुक वाटले.

हे शनवार तेली म्हणजे बेने इस्रायल. फार पुरातन काळी नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज कोकणात आले, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. आणि इतिहासाने त्या समजुतीचा पुरता निकाल लावला नसला, तरी किहीम, रोहे, पेण या गावांवरून पडलेली त्यांची किहीमकर, रोहेकर, पेणकर ही आडनावे त्यांच्या मराठीपणाची साक्ष द्यावयास पुरेशी आहेत. सणांनाही त्यांनी घरचीच नावे दिली होती. जेरुसलेमच्या मंदिराचा दोनदा विध्वंस झाला त्या शोकाच्या दिवशीचा उपवास त्यांच्या घरी 'बिरड्याचा रोजा' म्हणून ओळखला जाई. एवढ्या मोठ्या दुःखाची आठवण मोड आलेल्या वालाच्या बिरड्याशी जोडणाऱ्या त्या समाजाच्या मुलाला, धर्मापायी छळ म्हणजे काय हे पोथीतूनच कळत असे. शेजाऱ्याकडून ते शिकण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नाही. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत या मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा त्यांच्यापुढील चिंता शिक्षणाची होती, संरक्षणाची नव्हे.

त्याच शतकात या समाजातील पुष्कळ कुटुंबे सरकारी नोकरीच्या निमित्ताने कराचीस गेली. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच मोडत असल्यामुळे कराची तेव्हा मराठी माणसाला परदेश वाटत नसे. तेथील नामांकित सरकारी शाळेला तर नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणखात्यातील मराठी अधिकाऱ्याचेच नाव होते. कराची नगरपालिकेच्या मोजणीखात्यातील सॉलोमन डेव्हिड उमर्डेकर यांनी १८९३ मध्ये तेथे 'मागेन शालोम' हे प्रार्थनामंदिर बांधविले. आता पुढे जे सांगावयाचे आहे त्यासाठी हे कराची ध्यानात ठेविले पाहिजे.

१९३९ च्या सप्टेंबरात जर्मन फौजा पोलंडात शिरल्या, तेव्हा हजारो ज्यू कुटुंबे मुलाबाळांसह पूर्वेकडे, म्हणजे रशियनांनी व्यापिलेल्या भागात, पळाली. त्यांच्यापैकी ज्यांनी सोव्हिएत नागरिकत्व पत्करण्याचे नाकारले, त्यांना १९४० च्या उन्हाळ्यात मालगाड्यांत कोंबून उत्तरेकडील आणि सायबेरियातील अरण्यांत लाकूडतोडीस धाडण्यात आले. पुढे जर्मनीने रशियावरच स्वारी केल्यावर, १९४१ च्या जुलैत रशियाचा पोलंडच्या परागंदा सरकारशी करार झाला आणि या लोकांना 'माफी' मिळाली. ज्यांनी कोणताच अपराध केला नव्हता त्यांना माफी देण्याचे हे औदार्य दप्तरी भाषेतच शक्य होते.

सुटलेली माणसे उबेच्या आशेने दक्षिणेस उझबेकिस्तानात, समरकंद-बुखाऱ्याच्या बाजूस उतरली, आणि तेथे त्यांना भूक व टायफस भेटले. आईबापांपैकी एक गेलेले, कधी दोन्ही गेलेले, अशी मुले रस्त्यावर दिसू लागली. पोलिश अनाथालयांत निदान भाकरी मिळत असे, म्हणून कित्येक जिवंत मातांनी आपली लेकरे अनाथ म्हणून तेथे नेऊन सोडली आणि 'कोणी विचारले तर आई नाही म्हणून सांग' असे त्यांना पढविले. भाकरीसाठी पोटच्या मुलाकडून आपल्याच मरणाचे खोटे वदवून घ्यावयाचे, यापरता कठीण धडा कोणत्या आईने दिला असेल, मला ठाऊक नाही. आत गेल्यावरही सुख नव्हते. बरोबरची पोलिश मुले ज्यू म्हणून छळीत, तेव्हा कोणी नाव बदलून घेई, कोणी छातीवर क्रुसाची खूण करावयास शिके.

१९४२ मध्ये जनरल अँडर्स यांनी रशियात उभारलेल्या पोलिश सैन्याबरोबर लाखाहून अधिक माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आली. त्यांत सुमारे हजारभर ज्यू मुले होती. तेहरानजवळच्या छावणीत पॅलेस्टाइनातील ज्यू एजन्सीने त्यांच्यासाठी स्वतंत्र बालगृह उघडले. उशीखाली पावाचे तुकडे लपवून ठेवण्याची सवय मात्र, आता रोज पाव मिळतो हे कळल्यावरही, त्या मुलांची लवकर सुटली नाही.

या मुलांना जेथे न्यावयाचे होते ते पॅलेस्टाइन जवळच होते. पण इराकने वाटेचा परवाना नाकारला आणि पॅलेस्टाइनातील ज्यूंच्या प्रवेशावर ब्रिटिश सरकारने १९३९ पासूनच संख्येची मर्यादा घातलेली होती. इतिहाससंशोधक राजवाडे यांचे दप्तर जतन करणाऱ्या धुळ्यासारख्या गावात राहणाऱ्या माझ्यासारख्याला कागदाविषयी स्वाभाविकच आदर आहे. तथापि एका सहीवाचून सातशे मुले महिनोन् महिने एका वाळवंटाच्या कडेला खोळंबतात, हे वाचले म्हणजे तो आदर थोडा डळमळतो. प्रवेशाचे दाखले मिळाले तरी वाट उरली होती ती समुद्राचीच, तीही हिंदुस्थानला वळसा घालून. १९४३ च्या जानेवारीत सातशेहून अधिक मुले आगगाडीने इराणी आखातावरील बंदरास आली आणि 'ड्युनेरा' नावाच्या जहाजावर चढली. १९४० साली इंग्लंडने जर्मनीतून पळून आलेल्या ज्यू निर्वासितांनाच 'शत्रुराष्ट्राचे प्रजाजन' ठरवून ऑस्ट्रेलियाच्या बंदिवासात धाडले होते, ते याच जहाजातून.

ड्युनेरा कराचीस लागले. मुलांना लष्करी छावणीत तंबूंत उतरविण्यात आले, आणि दुसऱ्या जहाजाची वाट पाहत ती तेथे राहिली. ज्या शहरात शंभर वर्षांच्या आतबाहेर मराठी बोलणारे ज्यू निर्धास्तपणे कचेरीस जात होते, मुले शाळेत घालीत होते आणि उमर्डेकरांच्या मंदिरात शनिवार पाळीत होते, त्याच शहराबाहेर त्यांच्याच धर्माची ही मुले कनातीच्या सावलीत दिवस मोजीत होती. दोघांची प्रार्थना हिब्रूच होती. पण एकाने जे पोथीत वाचले होते ते दुसऱ्याने अंगावर सोसले होते.

याच वर्षी आपल्या कोल्हापूरनजीक वळिवड्यास सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली आणि ती १९४८ पर्यंत टिकली. ते लोक बहुतांशी कॅथलिक, म्हणून त्यांची हकीकत येथे वाढवीत नाही.

१८ फेब्रुवारी १९४३ रोजी, सुएझपर्यंत जहाजाने व पुढे सिनाईच्या वाळूतून आगगाडीने, कराचीच्या तंबूंतली ती मुले पॅलेस्टाइनातील अटलीतला पोहोचली. त्या दिवसाच्या छायाचित्रांत अनेकांच्या डोक्यांवर साहेबी सोला टोप्या दिसतात. उत्तरेच्या बर्फातून आलेल्या त्या किरकोळ अंगाच्या पोरांना त्या टोप्या फारच मोठ्या होतात. पुढे या मुलांना धर्मनिष्ठ संस्थांत वाढवावे की इतरांत, यावरून तेथील पुढाऱ्यांत कडाक्याचा वाद झाला. अनाथाच्या पोटाची चिंता वाहणारे थोडे आणि त्याच्या आत्म्यावर हक्क सांगणारे पुष्कळ, हा अनुभव आपल्याकडेही नवा नाही.

मुले गेली, चार वर्षांनी कराचीचीच पाळी आली. फाळणीत सिंधमधून उखडलेली हिंदू सिंधी कुटुंबे जळगावास आली, आणि तेथील सिंधी कॉलनी वसली. तिच्यातील ज्या वृद्धांनी बालपणीचे कराची पाहिले, त्यांच्यापैकी एखाद्याच्या दृष्टीस ते तंबू पडलेही असतील. पण त्या वयात कोण कोणाची चौकशी करतो! कराचीचे मराठी ज्यूही हळूहळू निघाले, कोणी मुंबईस, पुष्कळ इस्रायलला. उमर्डेकरांचे मंदिर १९८८ साली पाडले गेले. त्याच नावाचे एक मंदिर मात्र इस्रायलमधील रामले गावी आहे. तेहरानची मुले हिब्रू शिकता शिकता पोलिश विसरली. बेने इस्रायलांनी त्याच देशात 'मायबोली' नावाचे मराठी त्रैमासिक काढले.