पन्नास वर्षांचा लोकप्रतिनिधी : इमॅन्युएल सेलर

अमेरिकेच्या इतिहासाविषयी बोलू लागलो की आपल्या डोळ्यांपुढे अध्यक्षांचीच रांग उभी राहते. वॉशिंग्टन, लिंकन, रूझवेल्ट ही नावे शाळकरी मुलालाही पाठ असतात. परंतु त्या देशात कायदे होतात ते प्रतिनिधिगृहात आणि सिनेटात. आणि तेथेही सभागृहातील वक्तृत्वापेक्षा समितीच्या खोलीत ते अधिक घडतात, अधिक मरतातही. अशा एका समितीत हयात घालविलेल्या गृहस्थाची ओळख आज आपण करून घेणार आहोत. इमॅन्युएल सेलर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले नसेल. पण ज्यांचा मुलगा वा पुतण्या १९६५ नंतर अमेरिकेत स्थायिक झाला, त्यांच्या घराशी या नावाचा संबंध आहे.

सेलर १८८८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका ज्यू कुटुंबात जन्मले. आजोबांची पिढी जर्मनीहून आलेली. कॉलेजात असतानाच आईवडिलांचे छत्र हरपले. तेव्हा कोलंबिया विद्यापीठात शिकावे आणि उरलेल्या वेळात दारोदार मद्य विकावे, असा क्रम त्यांनी चालविला. पुढे ते वकील झाले आणि १९२२ साली डेमोक्रॅटिक पक्षातर्फे प्रतिनिधिगृहावर निवडून आले. ४ मार्च १९२३ ला सुरू झालेली त्यांची कारकीर्द ३ जानेवारी १९७३ ला संपली. पन्नास वर्षांना दोनच महिने कमी! तेथे दर दोन वर्षांनी मतदारांपुढे जावे लागते; म्हणजे ओळीने पंचवीस निवडणुका.

ते निवडून आले तो काळ परदेशी माणसाला अनुकूल नव्हता. त्यांची मुदत सुरू होण्यापूर्वी जेमतेम पंधरवडा, १९ फेब्रुवारी १९२३ ला, तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्याचा निकाल दिला. हे थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेले शीख गृहस्थ. (आपले हुतात्मा भगतसिंग ते निराळे.) बाहेरून आलेल्यांपैकी गोऱ्यांनाच व आफ्रिकन वंशाच्या लोकांनाच नागरिकत्व देता येई. पंडित लोक हिंदी माणसाला आर्य म्हणोत. सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तो बसत नाही, असे न्यायालयाने ठरविले. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव ऐकताच आपले कान टवकारावेत असे! खुद्द पंडितांना १९१४ सालीच नागरिकत्व मिळाले होते. या निकालानंतर ते काढून घेण्यासाठी सरकारने त्यांच्यावरही दावा लावला. तो मात्र पंडितांनी १९२६ साली अपिलात जिंकला. बाकीच्या पुष्कळ हिंदी लोकांचे नागरिकत्व गेले ते गेलेच.

पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, प्रत्येक देशातून किती माणसे घ्यावयाची याची वाटणी करणारा कायदा आला. त्यातली मेख अशी की, हिशेबाला १८९० ची खानेसुमारी धरली. इटलीचे, पोलंडचे, रशियाचे लोक मोठ्या संख्येने आले ते त्यानंतर. म्हणून त्यांच्या वाट्याला चिमूटभर जागा आल्या. आशियाला तर दारच बंद झाले. नवख्या सेलरनी सभागृहात विरोध केला. उपयोग झाला नाही. कायदा प्रचंड बहुमताने पास झाला. पुढे हिटलरच्या तावडीतून सुटू पाहणारे ज्यू निर्वासित याच कायद्याच्या भिंतीवर आदळले, आणि सेलरना ते पाहावे लागले.

मग हा मनुष्य करीत काय होता? टिकून होता. काँग्रेसमध्ये त्या काळी समितीचे अध्यक्षपद योग्यतेवर नव्हे, तर ज्येष्ठतेवर मिळे. बहुमतवाल्या पक्षाचा जो सभासद समितीत सर्वांत जुना, तो अध्यक्ष. कोणते विधेयक पुढे जाईल आणि कोणते फडताळात पडेल, हे बव्हंशी त्याच्या हाती. १९४९ मध्ये सेलर न्यायविषयक समितीचे अध्यक्ष झाले, आणि मधली दोन वर्षे सोडता १९७३ पर्यंत राहिले.

आपल्यापुरते पहिले फळ त्याआधीच आले होते. १९४६ मध्ये सेलर आणि विरुद्ध पक्षाच्या क्लेअर बूथ ल्यूस यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. त्याने हिंदी माणसाला पुन्हा नागरिकत्वाचा हक्क दिला. जागा किती? सुमारे चाळीस कोटींच्या देशाला वर्षाला शंभर! आकडा हसण्याजोगा, पण त्याच कायद्याच्या बळावर दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये काँग्रेसवर निवडून आले.

१९६४ चा नागरी हक्कांचा कायदा सेलर आणि रिपब्लिकन विल्यम मॅकलक या जोडीने प्रतिनिधिगृहातून पार नेला. आणि ३ ऑक्टोबर १९६५ ला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या आगमन कायद्यावर सही केली. १९२४ ची वाटणी रद्द झाली. एकेचाळीस वर्षे लागली; सेलर तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. गंमत अशी की, आशियातून फारसे कोणी येणार नाही, कारण तेथल्यांचे अमेरिकेत नातलगच थोडे, असे खुद्द सेलरनी सभागृहाला सांगितले होते. आमचे डॉक्टर आणि इंजिनिअर त्यांच्या हिशेबात नव्हते. अमेरिकेतल्या गावोगावच्या मराठी मंडळांचा गणपती हा त्या चुकलेल्या हिशेबाचाच प्रसाद म्हणावयाचा!

परंतु ज्या खुर्चीने हे साधले, तिनेच दुसरेही केले. स्त्रीपुरुषांना समान हक्क देणारी घटनादुरुस्ती सेलरनी आपल्या समितीत वीस वर्षांहून अधिक काळ अडवून ठेवली. १९६४ च्या विधेयकात नोकरीच्या कलमात स्त्रियांचा समावेश करण्याची सूचना आली, तेव्हाही त्यांनी विरोध केला. घरात शेवटचा शब्द आपलाच असतो आणि तो म्हणजे ‘होय, प्रिये’, अशी थट्टा करून सभागृहाला हसविले. वर्णाच्या अन्यायाविरुद्ध जन्मभर झगडलेल्या माणसाला हा अन्याय थट्टेचा वाटावा, याचे आम्हांस नवल वाटते आणि खेदही. अखेर १९७० मध्ये मार्था ग्रिफिथ्स या सभासद बाईंनी २१८ सह्या गोळा करून ती दुरुस्ती त्यांच्या समितीच्या हातून सोडविली.

१९७२ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत एलिझाबेथ होल्ट्झमन ही तिशीतली वकील त्यांच्यासमोर उभी राहिली. काडीने वॉशिंग्टनचे स्मारक पाडावयास निघाली आहे, असे म्हणून सेलरनी तिला उडवून लावले. ती मात्र दारोदार फिरली. त्या घटनादुरुस्तीचा प्रश्न तिने मतदारांपुढे मांडला, आणि सेलर मतदारसंघात दिसतात कुठे, असेही विचारले. सुमारे सहाशे मतांनी सेलर हरले. १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्यावरील महाभियोगाची चौकशी त्याच न्यायविषयक समितीपुढे झाली, तेव्हा होल्ट्झमनबाई तिच्या सभासद होत्या. सेलर १९८१ पर्यंत जगले. ते गेले ब्रुकलिनमध्येच.