खालून पाहिलेले ढग

हार्डवेअरच्या दुकानात पिस्तुलासारखा दिसणारा अवरक्त तापमापक मिळतो. डिसेंबरातल्या कोरड्या, निरभ्र रात्री तो गच्चीवर नेऊन सरळ डोक्यावर रोखा. आकडा शून्याच्या बराच खाली घसरतो. यंत्र स्वस्तातलं असेल तर मोजपट्टी संपल्याचं सांगून गप्प बसतं. खालच्या थरातला जाड ढग आला की तोच आकडा भराभर चढतो. आणि उंचावर पिंजलेल्या कापसासारखा विरळ सिरस आला तर? जेमतेम हलतो. त्या जेमतेम हलण्याचा अभ्यास हाच या पुस्तकाचा विषय.

सिरसला आपल्याकडे तंतुमेघ म्हणतात. चंद्राला खळं पडलं की घरातली जुनी माणसं पावसाचा अंदाज बांधतात. २२ अंशांचं ते खळं याच कुळातल्या ढगांमधल्या षट्कोनी हिमस्फटिकांची करामत. उष्ण कटिबंधात हे ढग पंधरा किलोमीटरच्याही वर सापडतात. तिथलं तापमान शून्याखाली सत्तर अंशांच्या आसपास असतं. एवढा गार ढग आकाशाचा आकडा चढवतो, हे नवख्याला पटत नाही. पण त्याच्यामागे अवकाश आहे, आणि अवकाशापुढे हा ढग ऊबदारच. उपग्रहाला नेमकं उलटं दिसतं: त्याच्या नजरेत ढगामागे तापलेली जमीन असते, म्हणून ढग गार वाटतो. विरळ ढग टिपायला काळी पार्श्वभूमी सोयीची. जमिनीवरून वर पाहण्याचा हट्ट त्यासाठी.

या विद्येचं मूळ चंद्रप्रकाशात आहे असं मी विद्यार्थ्यांना सांगतो, आणि ते थट्टा नाही. सॅम्युअल लँगली यांनी १८८०च्या सुमारास बोलोमीटर बनवला आणि चंद्राकडून येणारी उष्णता मोजली. ती उष्णता वाटेत हवेने किती गिळली, याचा हिशेब स्वांते अऱ्हेनियस यांनी त्याच नोंदींवरून मांडला आणि १८९६मध्ये कार्बनिक आम्लवायूने, म्हणजे कार्बन डायऑक्साइडने, पृथ्वी किती तापेल याचं गणित प्रसिद्ध केलं. वाटेतल्या हवेचा हिशेब आजही आमच्या मानगुटीवर बसलेला आहे.

हवेतली वाफ स्वतः अवरक्त प्रारण सोडते. ८ ते १२ मायक्रॉनच्या पट्ट्यात ती बऱ्यापैकी पारदर्शक असते, आणि त्या खिडकीतूनच आपण डोकावतो. अमेरिकेत ओक्लाहोमाच्या सपाट माळावर यासाठी ‘एरी’ नावाचा इंटरफेरोमीटर वर्षानुवर्षे वर पाहत आहे. त्याचा आरसा थोड्या थोड्या वेळाने आकाशावरून वळतो आणि पेटीतल्या दोन कृष्ण पदार्थांकडे पाहतो. एक तापवलेला, दुसरा आजूबाजूच्या हवेइतका. दोन्हींचं तापमान काटेकोर माहीत असतं, म्हणून आकाशाचं मोजमाप विश्वासाचं ठरतं. सोनाराने तोलण्याआधी काटा तपासावा, तसं.

तरी एक पेच उरतोच. खाली पोचणारं प्रारण ढगाच्या तापमानावर अवलंबून असतं आणि दाटपणावरही. खालचा विरळ ढग आणि वरचा थोडा दाट ढग यांची सही एकसारखी येऊ शकते. यावर ऑस्ट्रेलियातल्या सी. एम. आर. प्लॅट यांनी १९७०च्या दशकात साधा उपाय काढला: अवरक्त यंत्राशेजारी लायडर ठेवा. लेसरचं स्पंद ढगावरून परततं त्यातून उंची कळते, उंचीवरून तापमान, आणि मग दाटपणा मोकळा होतो. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत सुंदर युक्ती हीच. स्फटिक लहान की मोठे, हे खिडकीतल्या वर्णपटाच्या उतारावरून समजतं; ११ ते १२ मायक्रॉनजवळ बर्फ प्रारण जास्त शोषतो, आणि स्फटिक लहान असतील तर तो फरक वर्णपटात उमटतो.

१५ मायक्रॉनच्या पलीकडे मात्र वाफेचं राज्य. पृथ्वी अवकाशात सोडते त्या उष्णतेपैकी सुमारे निम्मी त्या भागातली आहे, आणि तिथे सिरस काय करतात हे समुद्रसपाटीवरून दिसणं जवळपास अशक्य. म्हणून माणसं कोरडेपणा शोधत निघाली. २००९मध्ये चिलीच्या अटाकामात सेरो टोको डोंगरावर, ५,३८० मीटर उंचीवर, यंत्रं मांडली गेली. अंटार्क्टिकातल्या डोम सी पठारावर, कॉन्कॉर्डिया तळाशी, इटालियन शास्त्रज्ञांचा ‘रेफिर-पॅड’ २०११च्या अखेरीपासून आकाशाचे वर्णपट घेतो आहे. तिथल्या हिवाळ्यात डोक्यावरची सगळी वाफ पाणी करून ओतली तर एक मिलिमीटरही भरत नाही. कोकणात श्रावणात तीच पाच-सहा सेंटिमीटर भरते! त्या दिवसांत आपल्या खिडकीवर ओला पडदा असतो, आणि त्याखाली काळ्या ढगांची रांग. सह्याद्रीवर यंत्र लावून सिरस पाहायचे तर हिवाळा धरावा. लडाखात हानलेसारखी उंच, कोरडी जागा अधिक सोयीची.

या पुस्तकातली प्रकरणं क्रमानेच वाचावीत असा आग्रह नाही. प्रारणाच्या समीकरणांची धास्ती वाटत असेल तर चौथं प्रकरण आधी उघडा. त्यात ओक्लाहोमाच्या एकाच रात्रीचा वर्णपट हळूहळू वाचला आहे. समीकरणांच्या दुसऱ्या प्रकरणाकडे मग परत यावंच लागेल, पण तोवर कशासाठी यायचं ते कळलेलं असेल. आणि तो दुकानातला तापमापक जवळ असू द्या.