संगणकाचे चित्र दूरचित्रवाणीवर : दोष व उपाय

अमरावती-अकोल्याकडील एखाद्या गावी, शेतकरी मेळाव्यात, कपाशीवरील फवारणीची मात्रा संगणकावरून जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर दाखवायची असेल, तर आकडा अस्पष्ट दिसून चालत नाही. चुकीच्या मात्रेने पीक व माणूस दोघांनाही अपाय होतो.

संगणकाचा मूळ व्हीजीए संकेत सेकंदाला सुमारे ३१,५०० रेषा आखतो. भारतातील पाल पद्धतीचा टीव्ही १५,६२५. हा मेळ कन्व्हर्टर घालतो. नेहमीचे दोष असे :

कृष्णधवल किंवा वर-खाली सरकणारे चित्र : कन्व्हर्टर बहुधा एनटीएससीवर असतो. बटण पालवर न्यावे.

चित्रच न येणे : कन्व्हर्टरचा वीजपुरवठा पाहावा. संगणकाचे रिझोल्यूशन ८०० बाय ६०० व रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ ठेवावा.

बारीक रेषा थरथरणे : टीव्ही सम व विषम रेषा आलटून पालटून दाखवतो. एकाच रेषेएवढी बारीक अक्षरे त्यामुळे लुकलुकतात. ठसा मोठा व जाड घ्यावा.

कडा कापल्या जाणे : टीव्ही चित्राच्या कडा झाकतो. चारही बाजूंना सुमारे दहावा भाग मोकळा सोडावा.

आडवे पट्टे सरकणे : टीव्ही व संगणक एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर जोडावेत. अर्थिंगची पिन कधीही काढू नये.

पाल चित्रात दिसणाऱ्या रेषा ५७६च असतात. म्हणून कार्यक्रमापूर्वी शेवटच्या रांगेतून आकडा वाचून पाहावा. वाचता न आल्यास तो फळ्यावर लिहावा.