घारीचा फोटो काळा का येतो? कॅमेरा सेटिंग आणि एडिटिंग

बेळगाव असो, बिदर की भोपाळचं अयोध्या नगर, गच्चीवर गेलं की डोक्यावर घारी फिरताना दिसतात. फोटो मात्र काळ्या ठिपक्याचा येतो. मागचं आकाश उजळ असल्याने कॅमेरा अख्खी चौकट गडद करतो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +1 ठेवा, पांढऱ्या ढगाळ आकाशात थोडं जास्तही चालतं. पण घार खाली झाडांसमोर उतरली की ते लगेच शून्यावर आणा. बरेच जण इथेच फसतात.

उडत्या घारीला शटर 1/2000 ठेवा, बसलेल्या शिक्र्याला 1/500 पुरतं. आयएसओ ऑटोवर सोडा; दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही. फोकस सतत पाठलाग करणारा हवा, फाइल रॉ. दुपारी तापलेल्या गच्च्यांवरची हवा थरथरते, तेव्हा लाखाची लेन्सही मऊच फोटो देते. सकाळीच जा.

एडिटिंगमध्ये आधी नॉइज कमी करा, मग शार्पनिंग, तेही फक्त पक्ष्यावर. शॅडो जपून उचला. भोपाळचा बडा तालाब 2002 पासून रामसर स्थळाचा भाग आहे. हिवाळ्यात अशा पाणथळींवर दलदली भोवत्या येतो. घारीची तपकिरी पिसं फार उजळली की ती त्याच्यासारखी दिसते, आणि पक्षीनोंद चुकते. घारीची खूण म्हणजे खाचेची शेपटी, क्रॉप करताना ती कापू नका.

जवळून फोटो मिळावा म्हणून मांसाचे तुकडे फेकणं मात्र नको. घरट्याचा फोटो टाकलाच, तर लोकेशन काढून टाका.