मूळव्याध आणि गुदद्वाराजवळील गळू

मूळव्याध (संस्कृत: अर्श) आणि गुदद्वाराजवळील गळू (गुदविद्रधी) हे गुदमार्गाचे दोन भिन्न विकार होत. पहिल्याचा संबंध रक्तवाहिन्यांशी, तर दुसऱ्याचा जंतुसंसर्गाशी आहे. गुदद्वारापाशी होणाऱ्या जवळपास प्रत्येक त्रासाला बोलीत 'मूळव्याध' असेच म्हटले जाते. शिवाय हे दुखणे घरच्यांनाही सांगण्याचा संकोच असतो. त्यामुळे गळू झालेला रुग्णही मूळव्याधीचे मलम लावत दिवस काढतो. मूळव्याधीत असा विलंब बहुधा निभावून जातो. गळवात तो महागात पडतो.

स्वरूप

गुदमार्गाच्या आतील अस्तराखाली रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येक निरोगी माणसाला असतात व त्या मलमार्ग घट्ट मिटण्यास साहाय्य करतात. बद्धकोष्ठता, शौचाच्या वेळी कुंथणे, गर्भारपण अशा कारणांनी त्या फुगून खाली सरकल्या की त्यांना मूळव्याधीचे मोड किंवा कोंब म्हणतात. गळवाचे मूळ वेगळे आहे. गुदमार्गाच्या भिंतीत श्लेष्म स्रवणाऱ्या लहान ग्रंथी असतात. त्यांपैकी एखादीचे तोंड बुजून आत जंतूंची वाढ झाली की पू साचतो आणि तो आजूबाजूच्या मऊ ऊतींत वाट काढू लागतो. मधुमेह, क्षयरोग किंवा आतड्याचा क्रोन विकार असलेल्यांत ही शक्यता अधिक असते.

लक्षणांतील भेद

आतील मूळव्याध सहसा दुखत नाही. शौचानंतर लालभडक रक्ताचे थेंब पडणे हे तिचे मुख्य लक्षण होय. पुढे मोड बाहेर येऊ लागतात. प्रथम ते आपोआप आत जातात, नंतर बोटाने सारावे लागतात आणि चौथ्या अवस्थेत बाहेरच राहतात. बाहेरील मोडात रक्त गोठले तर मात्र एकाएकी निळसर, टणक व अतिशय दुखरी गाठ येते. गळवाशी घोटाळा होतो तो बहुतेक याच गाठीचा. या गाठीची वेदना पहिल्या दोन-तीन दिवसांत तीव्र असते, मग ओसरू लागते आणि ताप येत नाही. गळवाचा क्रम उलट असतो: ठणका दिवसागणिक वाढतो, बसणे व झोपणे अवघड होते, त्वचा लाल व गरम होते, अनेकदा थंडी वाजून ताप येतो. गळू खोलवर असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. केवळ ताप आणि आतील ठणका एवढ्यावरच ते ओळखावे लागते.

तिसरा विकार म्हणजे गुदद्वाराची भेग, अर्थात फिशर. यात शौचाच्या वेळी सुरीने कापल्यासारखी कळ येते. महात्मा गांधींना आजारपणात विश्रांतीसाठी माथेरानला नेले असता हाच त्रास असह्य झाला व त्यांना तेथून लवकर परतावे लागले. 1919 च्या आरंभी मुंबईत डॉ. दलाल यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. शेळीचे दूध घेण्यास गांधीजी राजी झाले, तेही याच आजारपणात.

उपचार

मूळव्याधीच्या बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रिया लागत नाही. चोथायुक्त आहार, भरपूर पाणी, इसबगोल, कोमट पाण्याच्या टबात बसणे आणि शौचाला रेंगाळत न बसणे यांनी आराम पडतो. न थांबणाऱ्या रक्तस्रावासाठी मोडाला रबरी कडे बसवणे किंवा इंजेक्शनने तो सुकवणे हे उपाय आहेत. मोठे मोड कापून काढतात. घरगुती उपचारांत ताक व सुरण यांना मान आहे. सुरणाचे एक संस्कृत नावच 'अर्शोघ्न' असे आहे.

गळवावर मात्र चिरा देऊन पू काढणे हाच उपचार होय. साचलेल्या पुवापर्यंत प्रतिजैविके पुरेशी पोचत नसल्याने केवळ गोळ्यांवर विसंबता येत नाही. गळू पिकेपर्यंत शेकत राहण्याची जुनी रीतही येथे घातक ठरते, विशेषतः मधुमेही रुग्णांत. संसर्ग जननेंद्रियांच्या त्वचेखाली पसरून जिवावर बेतू शकते. पू निघून गेल्यावरही सुमारे एक-तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत आतून बाहेरपर्यंत एक नळी उरते व तीतून वारंवार स्राव होतो. हेच भगंदर.

भगंदर व क्षारसूत्र

गळू आणि भगंदर यांचे हे नाते सुश्रुतसंहितेस ठाऊक होते: न पिकलेली ती पिडका आणि पिकून फुटल्यावर भगंदर, असा भेद तीत केला आहे. अर्शासाठी तीत औषध, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार व हळद यांची पुटे दिलेला दोरा भगंदराच्या नळीत ओवून तो आठवड्याने बदलत जाण्याच्या क्षारसूत्र पद्धतीला विसाव्या शतकात बनारस हिंदू विश्वविद्यालयात नवे रूप मिळाले. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत क्षारसूत्राने जखम भरण्यास शस्त्रक्रियेपेक्षा अधिक काळ लागला, परंतु भगंदर पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी आढळले.

पुण्यात रास्ता पेठेतील टिळक आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्थांत शल्यतंत्र शिकवले जाते, तर ससून रुग्णालय हे आधुनिक शस्त्रक्रियेचे जुने सार्वजनिक केंद्र आहे. 'मूळव्याध, भगंदर, फिशर – विनाशस्त्रक्रिया' अशा भिंतींवरील जाहिरातींत तिन्ही विकार एकाच दमात उच्चारलेले असतात. त्यांवरील उपचार मात्र एक नाहीत. ताप व वाढता ठणका असल्यास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे जाणे आवश्यक असते. चाळिशीनंतर प्रथमच रक्त जाऊ लागल्यास ते मूळव्याधीचेच आहे असे गृहीत न धरता मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता तपासून घेतली जाते.