सुईण, आगगाडी आणि कर्वे

मुंबईलगत, खाडी आणि मिठागरांच्या मधोमध वसलेल्या भाईंदरमध्ये गरोदर बायकांची अडचण होती दवाखान्यापासूनच्या अंतराची.

इथल्या आगरी-कोळी पाड्यांत बाळंतपण म्हणजे सुईण, गरम पाणी आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका. डोहाळजेवण थाटात व्हायचं, पण गरोदरपणी तपासून घेण्याची पद्धत मात्र नव्हती.

मग अंतर घटू लागलं. 1867 मध्ये भाईंदरवरून जाणारी विरार ते मुंबई अशी आगगाडी सुरू झाली. 1886 मध्ये मुंबईत बायकांसाठीचं कामा हॉस्पिटल उघडलं. त्याच वर्षी ठाणे जिल्ह्याशी नातं असलेल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र!

मूल कधी व्हावं, हे ठरवता येतं, असं मराठीत ठणकावून सांगितलं ते र. धों. कर्व्यांनी. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्रही त्याच वर्षीचं. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी मात्र कर्व्यांना या कामापायी गमवावी लागली. 1927 पासून 1953 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक पदरमोड करून चालवलं. सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम आला तो थेट 1952 मध्ये.

इकडे भाईंदरही शहर होत गेलं: मीरा-भाईंदरची नगरपरिषद 1985 ची, महानगरपालिका 2002 ची. 2011 च्या जनगणनेत इथे आठ लाखांवर माणसं मोजली गेली. आता गरोदर बाईच्या हाती फॉलिक ॲसिडची गोळी असते आणि डब्यात अहळिवाचा लाडूही.